प्लॅसेंटिसेरास आणि दोन हरवलेले समुद्र

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागातील गवताळ मैदाने आणि मध्य भारतातील नर्मदेचे खोरे यांच्यात आज कोणतेही भौगोलिक नाते दिसत नाही. पहिला प्रदेश समुद्रापासून कितीतरी दूर, खंडाच्या पोटात आहे. दुसऱ्यात विंध्य आणि सातपुडा यांच्यामधून वाहणारी नदी, काळ्या बेसाल्टचे डोंगर आणि कापसाची शेते आहेत. तरीही या दोन्ही ठिकाणच्या खडकांत एकाच कुळातील सागरी प्राण्याचे चपटे, वेटोळे शंख सापडतात. या प्राण्याचे शास्त्रीय नाव प्लॅसेंटिसेरास असून, ॲमोनाइट या पूर्णपणे नामशेष झालेल्या प्राणिगटातील ती एक प्रजाती आहे. प्रजाती म्हणजे एकमेकींशी निकटचे नाते असलेल्या अनेक जातींचा समूह. क्रिटेशस कालखंडाच्या उत्तरार्धात, ढोबळमानाने साडेनऊ ते सात कोटी वर्षांपूर्वी, या प्रजातीच्या निरनिराळ्या जाती जगातील अनेक उथळ समुद्रांत राहत होत्या. त्यांपैकी दोन समुद्र तर भूमीवरून पुसले गेले आहेत, आणि ते कधी, कुठे व कसे होते हे जाणण्यासाठी या शंखाइतके बोलके साधन क्वचितच मिळते.

ॲमोनाइटचे कवच गोगलगायीच्या शंखाची आठवण करून देत असले, तरी गोगलगायीशी त्याचे नाते दूरचे आहे. मृदुकाय प्राण्यांच्या संघातील शीर्षपाद वर्गात, म्हणजे ज्यांचे बाहू थेट डोक्यालाच जोडलेले असतात अशा प्राण्यांत, ॲमोनाइटांची गणना होते. ऑक्टोपस, कोकणच्या बाजारात मिळणारे माकूल आणि हिंदी व प्रशांत महासागरांच्या उष्ण भागात आजही जगणारा नॉटिलस हे याच वर्गाचे सदस्य आहेत. बाहेरून ॲमोनाइट नॉटिलससारखा दिसतो, कारण दोघांचेही कवच वेटोळे आणि आतून कप्प्याकप्प्यांचे असते. परंतु गर्भावस्थेतील कवचाची रचना आणि जबड्याचे व दातांच्या पट्टीचे जीवाश्म यांचा अभ्यास केला असता ॲमोनाइट हे नॉटिलसपेक्षा ऑक्टोपस व माकूल यांच्या शाखेला अधिक जवळचे होते, असे बहुतेक जीवाश्मशास्त्रज्ञ मानतात. या मोठ्या गटाचा उदय सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी झाला आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशसच्या अखेरीस, तो संपला.

कवचाच्या आतील रचना समजून घेतल्याशिवाय या प्राण्याचे जीवन समजत नाही. प्राणी स्वतः कवचाच्या तोंडाजवळच्या शेवटच्या, मोठ्या कप्प्यात राहत असे; तो वाढला की पुढे सरके आणि आपल्या मागे एक नवा आडपडदा बांधून रिकामी झालेली जागा बंद करी. अशा बंद कप्प्यांची मालिका आतल्या वेटोळ्यापर्यंत गेलेली असे आणि त्या सर्वांमधून कडेला लागून एक बारीक सजीव नलिका जात असे. नवा कप्पा सुरुवातीला द्रवाने भरलेला असे. नलिकेच्या पेशी तो द्रव हळूहळू शोषून घेत आणि त्याच्या जागी कमी दाबाचा वायू साठत जाई. कवचाचे आणि शरीराचे वजन या वायूने तोलले जाई, आणि त्यामुळे प्राण्याला तळाशी न बसता पाण्यात तरंगत राहता येई. आडपडदा कवचाच्या भिंतीला जिथे मिळतो तिथे एक रेषा उमटते, तिला संधिरेषा म्हणतात. नॉटिलसमध्ये ही रेषा साधी, किंचित वळणाची असते, पण ॲमोनाइटांमध्ये ती नक्षीदार असून तिच्या प्रत्येक वळणाला पुन्हा उपवळणे फुटलेली असतात. ही गुंतागुंत कशासाठी होती यावर दीर्घकाळ मतभेद आहेत. पाण्याचा दाब सोसण्यासाठी भिंतीला मिळालेला आधार म्हणजे ही नक्षी, असा जुना विचार होता. कप्प्यातील द्रव अधिक क्षेत्रफळावर धरून ठेवणे किंवा मऊ शरीराला कवचाशी घट्ट बांधून ठेवणे हे तिचे काम असावे, असे अलीकडे सुचवले जाते. संशोधकांच्या दृष्टीने मात्र तिचा व्यावहारिक उपयोग निर्विवाद आहे, कारण संधिरेषेचा आराखडा जवळपास प्रत्येक प्रजातीत वेगळा असल्याने जीवाश्म ओळखण्याचे ते एक खात्रीचे लक्षण ठरते.

प्लॅसेंटिसेरासची ओळख त्याच्या चपटेपणात आहे. कवच दोन्ही बाजूंनी इतके दाबलेले असते की मध्यभागी थोडी जाडी आणि कडेकडे निमुळता उतार असा त्याचा छेद दिसतो. बाहेरचे वेटोळे आतल्या वेटोळ्यांना जवळजवळ पूर्ण झाकून टाकते, त्यामुळे मधली खोलगट जागा, जिला नाभी म्हणतात, ती लहान राहते. बाह्य कड अरुंद आणि बहुधा सपाट असते, आणि तिच्या दोन्ही काठांवर लहान लांबट गाठींची रांग असते. काही जातींत नाभीभोवती आणि कवचाच्या बाजूंवरही उंचवटे असतात, तर काही जाती जवळजवळ गुळगुळीत असतात. संधिरेषेत मुख्य वळणांखेरीज अनेक लहान वळणांची मालिका नाभीपर्यंत पसरलेली असते. मोठ्या नमुन्यांचा व्यास अर्ध्या मीटरच्या पुढे जातो. असा पातळ, धारदार कडेचा आकार पाणी कापत जाण्यास अनुकूल असतो, आणि म्हणूनच जाड, फुगीर कवचाच्या ॲमोनाइटांच्या तुलनेत हे प्राणी बऱ्यापैकी वेगाने पोहणारे असावेत असा तर्क केला जातो. अर्थात इथे वेग हा शब्द सापेक्ष अर्थानेच घ्यावा लागतो, कारण पाणी जोराने मागे फेकून पुढे सरकणारा कवचधारी प्राणी माशाची बरोबरी करू शकत नाही.

या प्रजातीला नाव दिले ते अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ फील्डिंग ब्रॅडफर्ड मीक यांनी. न्यूयॉर्कच्या जेम्स डीके यांनी १८२८ मध्ये वर्णन केलेली एक जाती त्यांनी आधार म्हणून घेतली आणि १८७६ मध्ये नवी प्रजाती मांडली. मीक यांचे आयुष्य मन हेलावणारे आहे. प्रकृती सदैव नाजूक, ऐकण्याची शक्ती हळूहळू गेलेली, स्वतःचे कुटुंब नाही, अशा स्थितीत वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियन संस्थेच्या इमारतीतच ते वर्षानुवर्षे राहिले आणि मिसुरी नदीच्या वरच्या खोऱ्यातून आलेल्या जीवाश्मांवर काम करीत राहिले. त्या प्रदेशातील अपृष्ठवंशी जीवाश्मांवरचा त्यांचा प्रचंड अहवाल १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. पुढे या प्रजातीतील एका सुप्रसिद्ध जातीला प्लॅसेंटिसेरास मीकी असे त्यांचेच नाव मिळाले.

मीक यांच्यासमोरचे शंख ज्या समुद्रातले होते, त्याचा विस्तार थक्क करणारा आहे. क्रिटेशस काळात पृथ्वी आजच्यापेक्षा बरीच उष्ण होती, ध्रुवांवर मोठ्या हिमचादरी नव्हत्या आणि समुद्रपातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक उंच होती. परिणामी खंडांचे सखल भाग पाण्याखाली गेले. उत्तर अमेरिकेत आर्क्टिक महासागरापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत एक उथळ समुद्र पसरला आणि त्याने खंडाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग केले. या समुद्राच्या तळाशी साचलेला काळा चिखल पुढे शेल या पातळ पापुद्र्यांच्या खडकात बदलला. अमेरिकेतील नॉर्थ व साउथ डकोटा, मोंटाना, वायोमिंग ही राज्ये आणि कॅनडाचे अल्बर्टा व सस्कॅचेवान हे प्रांत यांचे मोठे भाग आज या शेलवर वसलेले आहेत. कवचांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे, प्रमाण ज्या पाण्यात कवच तयार झाले त्याच्या तापमानावर अवलंबून असते. असे पुरावे आणि कोणत्या खडकांत कोणते शंख आढळतात याची नोंद एकत्र पाहिली असता, सरळ काठीसारख्या कवचाचा बॅक्युलाइटिस हा ॲमोनाइट तळाजवळच्या पाण्यात, तर प्लॅसेंटिसेरास वरच्या व मधल्या थरांत वावरत असावा, असा निष्कर्ष निघतो.

अल्बर्टाच्या दक्षिण भागात, लेथब्रिज शहराच्या परिसरातील सेंट मेरी नदीच्या खोऱ्यात, या समुद्राचा शेल विशेष कारणाने प्रसिद्ध आहे. इथल्या प्लॅसेंटिसेरासच्या कवचांवर लाल, हिरवा, सोनेरी आणि क्वचित निळा व जांभळा असा झळाळता रंग दिसतो, आणि त्या कवचाचा थर ॲमोलाइट या नावाने रत्न म्हणून विकला जातो. या रंगात कोणतेही रंगद्रव्य नसते. ॲमोनाइटचे कवच ॲरागोनाइट या कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकरूपाचे बनलेले असते आणि त्याच्या आतल्या थरात अतिशय पातळ पट्टिका एकावर एक रचलेल्या असतात. मोत्याची चमक ज्या रचनेमुळे येते तीच ही रचना आहे. निरनिराळ्या पट्टिकांवरून परतणारे प्रकाशाचे किरण एकमेकांत मिसळताना काही रंग बळावतात आणि काही विझतात, आणि कोणता रंग उरेल हे पट्टिकांच्या जाडीवर ठरते. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यावर तेलाचा तवंग रंगीत दिसतो तोही याच भौतिक नियमाने. जाड पट्टिका लाल व हिरवा रंग देतात, तर निळ्या-जांभळ्यासाठी अधिक पातळ पट्टिका लागतात, आणि त्या टिकून राहणे कठीण असल्याने तो रंग दुर्मीळ ठरतो.

खरे आश्चर्य रंगापेक्षा तो टिकून राहण्यात आहे. ॲरागोनाइट हा अस्थिर खनिजप्रकार आहे. कोट्यवधी वर्षांत त्याचे रूपांतर साधारणपणे कॅल्साइटमध्ये होते आणि त्यासोबत पट्टिकांची रचनाही नष्ट होते. अल्बर्टात मात्र चिखल आणि ज्वालामुखीच्या राखेतून बनलेल्या मातीने शंखांना लवकर वेढले, पाणी आणि हवा यांच्यापासून त्यांचे रक्षण झाले, आणि वर साचलेल्या खडकांचे तापमान कवचाला बदलून टाकण्याइतके वाढले नाही. १९८१ मध्ये दागिन्यांच्या व्यापाराच्या जागतिक महासंघाने ॲमोलाइटला रत्नाचा दर्जा दिला आणि २००४ मध्ये अल्बर्टा प्रांताने ते आपले अधिकृत रत्न म्हणून जाहीर केले. त्या भूमीतील ब्लॅकफूट लोकांना हे शंख व्यापाऱ्यांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. ॲमोनाइटचे तुकडे ते इनिस्किम म्हणजे गव्याचा दगड मानून पवित्र वस्तू म्हणून जपत, आणि गव्यांची शिकार यशस्वी व्हावी यासाठी होणाऱ्या विधींत त्यांना स्थान होते.

याच अमेरिकी शंखांनी जीवाश्मशास्त्रातील एक गाजलेला वाद उभा केला. प्लॅसेंटिसेरासच्या अनेक कवचांवर गोलसर छिद्रे आढळतात आणि काही नमुन्यांत ती रांगेने, दोन ओळी एका टोकाला मिळाव्यात अशा मांडणीत असतात. १९६० मध्ये एर्ल कॉफमन आणि रॉबर्ट केसलिंग या अमेरिकी संशोधकांनी साउथ डकोटातील एका कवचाचे बारकाईने विश्लेषण केले आणि ही छिद्रे मोसासॉर या महाकाय सागरी सरपटणाऱ्या प्राण्याच्या दातांची आहेत, असे प्रतिपादन केले. छिद्रांची दिशा, अंतर आणि खोली मोजून त्यांनी त्या प्राण्याने त्या कवचाला सोळा वेळा चावा घेतला असावा असे दाखवले आणि हल्ला कसकसा पुढे सरकला याचा क्रमही मांडला. शिकारी आणि शिकार यांच्यातील झटापट इतक्या तपशिलाने दगडात वाचता येते, ही कल्पना विलक्षण आकर्षक होती आणि चार दशके ती पाठ्यपुस्तकांत निर्धास्तपणे नांदली.

१९९८ मध्ये जपानच्या तोमोकी कासे यांनी काही सहकाऱ्यांसह या निष्कर्षाला आव्हान दिले. त्यांनी मोसासॉरच्या जबड्याची यांत्रिक प्रतिकृती वापरून नॉटिलसची खरी कवचे दाबून पाहिली. तेव्हा कवचे वेडीवाकडी फुटली, त्यांत नीटनेटकी गोल छिद्रे पडली नाहीत. त्यांच्या मते ही छिद्रे लहान टोपीच्या आकाराच्या शंखाच्या गोगलगायींनी केलेली होती. अशा गोगलगायी खडकावर किंवा शंखावर ठराविक जागी पुन्हा पुन्हा येऊन बसतात आणि तिथे गोल खाच खरवडतात. पुढे गाडल्या गेलेल्या कवचावर चिखलाचा भार आला की या पातळ झालेल्या जागा आत ढासळतात आणि छिद्र तयार होते. हे केवळ कल्पनेवर आधारलेले नव्हते, कारण ॲमोनाइटांच्या कवचांवर अशा गोगलगायींचे जीवाश्म प्रत्यक्ष चिकटलेले आढळले होते.

यानंतर कॅमेरॉन त्सुजिता आणि गेर्ड वेस्टरमन यांनी कॅनडातील मोठ्या संग्रहाचा अभ्यास करून २००१ मध्ये मोसासॉरच्या बाजूने पुन्हा मांडणी केली. अनेक कवचांत दोन्ही बाजूंची छिद्रे परस्परांशी जुळतात, जे वरच्या आणि खालच्या जबड्याच्या एकाच चाव्यातूनच समजते. त्यांच्या कडांवरील भेगा आणि आत दाबले गेलेले तुकडे कवच ताजे असताना बसलेला जोर सुचवतात. आणि गोगलगायींच्या बसण्याच्या जागांत अशी सुसंगत मांडणी अपेक्षित नसते, असे त्यांचे मुद्दे होते. यांत्रिक प्रयोगाविषयीही एक न्याय्य शंका उरते, ती म्हणजे कोरडे, रिकामे नॉटिलसचे कवच आणि पाण्यात असलेला, आत मांसल शरीर असलेला, वेगळ्या जाडीचा ॲमोनाइट या दोन्हींचे फुटणे सारखे असेलच असे नाही. आज तटस्थपणे पाहता दोन्ही कारणे खरी असल्याचे मान्य करणे योग्य ठरते: रांगेतील, दोन्ही बाजूंनी जुळणारी छिद्रे दातांची, तर विखुरलेल्या एकेकट्या गोल खाचांपैकी बऱ्याच गोगलगायींच्या. या वादाचे मोल त्याच्या निकालात नसून त्याने निर्माण केलेल्या शिस्तीत आहे. त्यानंतर जीवाश्मावरील कोणत्याही खुणेला चावा म्हणण्यापूर्वी संशोधकांना तिची प्रत्येक बाजू तपासून घ्यावी लागू लागली.

भारतातील प्लॅसेंटिसेरासची कथा इतकी नाट्यमय नाही, पण मराठी वाचकाच्या दृष्टीने ती अधिक जवळची आहे, कारण ज्या बेसाल्टवर महाराष्ट्राचा बहुतांश भाग उभा आहे, त्याच बेसाल्टच्या खाली हे शंख गाडलेले आहेत. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात बाघ नावाचे गाव आहे आणि अजिंठ्याच्या परंपरेशी नाते सांगणाऱ्या चित्रांसाठी तिथली बौद्ध लेणी प्रसिद्ध आहेत. या गावावरून बाघ थर असे नाव मिळालेल्या सागरी खडकांची बेटे नर्मदेच्या खोऱ्यात व त्यापलीकडे, पूर्वेस बडवाहपासून पश्चिमेस गुजरातेतील वढवाणपर्यंत तुटकपणे दिसतात. सर्वांत खाली निमाड वालुकाश्म आहे, जो नदी आणि किनाऱ्याच्या वाळूतून बनला. त्याच्या वर गोळ्यागोळ्यांचा बनलेला चुनखडक येतो, आणि त्याहून वर प्रवाळी चुनखडक. या शेवटच्या खडकाचे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे, कारण त्याच्या बांधणीत प्रवाळांपेक्षा ब्रायोझोआ या वसाहतीने राहणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांचा वाटा फार मोठा आहे. या थरांवर डायनासोरच्या अंड्यांसाठी ख्यात असलेला लॅमेटा खडक आणि त्याहीवर दख्खनचा लाव्हा, असा एकूण क्रम आहे. म्हणजे एकाच उभ्या कड्यात नदी, समुद्र, पुन्हा जमीन आणि अखेर ज्वालामुखी अशी चार निरनिराळी जगे एकावर एक रचलेली पाहता येतात.

या प्रदेशाचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत प्रमथनाथ बोस यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात अधिकारी असलेल्या बोस यांनी नर्मदेच्या खालच्या खोऱ्याच्या भूशास्त्रावर लिहिलेला प्रबंध १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे मयूरभंज संस्थानातील लोहखनिजाची माहिती जमशेदजी टाटा यांना कळवून भारतीय पोलाद उद्योगाच्या स्थापनेला हातभार लावणारे ते हेच बोस. त्यानंतर सर्वेक्षणातीलच अर्नेस्ट व्रेडेनबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इथल्या ॲमोनाइटांचे वर्णन केले आणि त्यांतील एका जातीला प्लॅसेंटिसेरास मिंटोई हे नाव दिले. नर्मदेच्या या थरांत ॲमोनाइटांचे वैविध्य फारच थोडे आहे आणि जे आहेत त्यांत प्लॅसेंटिसेरासचे वर्चस्व आहे, ही गोष्टच त्या समुद्राविषयी बरेच सांगते. तो खोल, मोकळा महासागर नव्हता; नर्मदेच्या खचलेल्या पट्ट्यातून पश्चिमेकडून आत शिरलेली ती अरुंद, उथळ खाडी होती, आणि अशा मर्यादित पाण्यात तग धरू शकणारे थोडेच ॲमोनाइट तिथे शिरले.

व्रेडेनबर्ग यांच्यानंतर नर्मदेच्या खोऱ्यातून प्लॅसेंटिसेरासच्या आणखीही जाती नोंदवल्या गेल्या. पण एवढ्याशा खाडीत एकाच काळी इतक्या जवळच्या जाती एकत्र कशा राहिल्या, हा प्रश्न उभा राहिला. जादवपूर विद्यापीठातील शुभेंदू बर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या संख्येने नमुने गोळा करून त्यांची तुलना केली आणि कवचावरील गाठी कमी-अधिक असणे, आकार लहान-मोठा असणे हे फरक जातींचे नसून एकाच जातीतील वैविध्याचे आहेत, असे मत मांडले. अनेक ॲमोनाइटांत मोठ्या आणि लहान अशा दोन आकारांची प्रौढ कवचे एकत्र सापडतात. त्यांतील मोठी मादीची आणि लहान नराची असावीत, असे सामान्यतः मानले जाते. या दृष्टीने पाहता नर्मदेचे शंख प्लॅसेंटिसेरास काफ्रारियम या जातीत समाविष्ट होतात, आणि ही जाती मूळची वर्णन केली गेली ती दक्षिण आफ्रिकेतील झुलूलँडच्या खडकांतून, १९०४ मध्ये.

याच दुव्यावरून २००२ मध्ये या संशोधकांनी एक धाडसी कल्पना पुढे आणली. क्रिटेशसच्या आरंभी भारत, मादागास्कर आणि आफ्रिका हे तुकडे आजच्या तुलनेत परस्परांच्या खूप जवळ होते. गोंडवन या महाखंडाचे तुटणे चालू होते, आणि सुमारे आठ कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वी मोठ्या ज्वालामुखी उद्रेकांच्या सुमारास भारताने मादागास्करपासून फारकत घेऊन उत्तरेकडे प्रवास सुरू केला. उथळ किनारी पाण्यात राहणारा आणि खोल महासागर सहज न ओलांडणारा एकाच जातीचा प्राणी जर दक्षिण आफ्रिकेत, मादागास्करात आणि नर्मदेच्या खाडीत सापडत असेल, तर त्या काळी या भूभागांमधले समुद्र त्याला पार करता येतील इतकेच रुंद असले पाहिजेत. म्हणजे जीवाश्म इथे अंतर मोजण्याच्या फितीचे काम करतो. समुद्रतळावरील चुंबकीय पट्ट्यांवरून भूपट्टांच्या हालचाली मोजण्याचे तंत्र अधिक काटेकोर आहे हे खरे, पण एका प्राण्याच्या राहणीवरून खंडांमधले अंतर पडताळून पाहता यावे, यात या शास्त्राचे सामर्थ्य दिसते. दक्षिण भारतातही ही प्रजाती अपरिचित नाही. तिरुचिरापल्लीच्या क्रिटेशस खडकांतील प्लॅसेंटिसेरास टॅम्युलिकम या जातीचे वर्णन हेन्री ब्लॅनफर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकातच केले होते.

मराठी घरांत कार्तिकात तुळशीच्या लग्नाच्या वेळी देवघरातून बाहेर येणाऱ्या शाळिग्रामाचा येथे उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण ॲमोनाइट म्हटले की अनेकांना प्रथम तोच आठवतो. नेपाळातील काली गंडकी नदीच्या पात्रात मिळणाऱ्या काळ्या गोट्यांत जी चक्राची खूण दिसते ती बहुतेक वेळा ॲमोनाइटच्या कवचाचीच असते, आणि श्रद्धेने जपलेली ही वस्तू टेथिस या नाहीशा झालेल्या महासागराची खूण आहे. मात्र ते शंख प्लॅसेंटिसेरासचे नाहीत. हिमालयातील स्पिती शेल या खडकातून ते सुटून येतात आणि प्रामुख्याने जुरासिक कालखंडाच्या उत्तरार्धातले, म्हणजे नर्मदेच्या शंखांपेक्षा कोट्यवधी वर्षांनी जुने, वेगळ्याच प्रजातींचे असतात.

क्रिटेशसच्या शेवटच्या टप्प्यात प्लॅसेंटिसेरासचे महत्त्व ओसरले होते, आणि तशाच चपट्या, धारदार आकाराची स्फेनोडिस्कस ही वेगळी प्रजाती अनेक समुद्रांत आढळू लागली होती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या युकातान भागात लघुग्रह आदळला तेव्हा उरलेले सर्व ॲमोनाइटही संपले, पण नॉटिलसची वंशरेषा वाचली. या फरकाचे एक पटणारे स्पष्टीकरण पिल्लांच्या आकारात मिळते. ॲमोनाइटचे पिल्लू अंड्यातून बाहेर येताना मिलिमीटरभराचे असे आणि पाण्याच्या वरच्या थरात प्लवकांसोबत तरंगत वाढे. आघातानंतर प्लवकांची अन्नसाखळी कोसळली आणि वरच्या थरांतील पाणी आम्लधर्मी झाले, तेव्हा या पिल्लांना ना अन्न मिळाले ना पातळ कवच टिकवता आले. नॉटिलसचे पिल्लू मात्र दोन-तीन सेंटिमीटरचे असते, त्याच्याजवळ अंड्यातील पुष्कळ पोषणसाठा असतो आणि ते खोल पाण्यात जन्मते.

नर्मदेच्या खोऱ्यातील हा वारसा आज फार सुरक्षित नाही. अल्बर्टात जीवाश्म प्रांताच्या मालकीचे मानले जातात, रत्नासाठी होणारे उत्खनन परवान्याने चालते आणि देशाबाहेर नमुना नेण्यासाठी अनुमती लागते. खाणकामात मोसासॉरचे सांगाडे सापडले तेव्हा ते टिरेल संग्रहालयापर्यंत पोहोचू शकले ते याच व्यवस्थेमुळे. धार जिल्ह्यात डायनासोरांच्या जीवाश्मांसाठी राष्ट्रीय उद्यान आहे, परंतु त्याच परिसरातील सागरी चुनखडक गावोगावच्या ओढ्यांत, शेतांच्या बांधांत आणि खाणींत उघडे पडलेले आहेत. भूवारसा स्थळांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने विधेयकाचा मसुदा २०२२ मध्ये प्रसिद्ध केला होता. अशा कायद्याची या प्रदेशाला निकड आहे, कारण इथे शंख घरी नेणारा केवळ एक वस्तू नेत नाही, तर तो कोणत्या थरात होता ही माहिती कायमची पुसून टाकतो. त्या माहितीवर एक मोठा प्रश्न अवलंबून आहे. नर्मदेचे प्लॅसेंटिसेरास ट्युरोनियन काळातले, म्हणजे सुमारे नऊ कोटी चाळीस लाख ते नऊ कोटी वर्षांपूर्वीचे, की त्यानंतरच्या कोनिॲशियन काळातले, यावर भारतीय संशोधकांत अजून एकमत नाही. पहिले खरे असेल, तर हे प्राणी नर्मदेच्या खाडीत शिरले तेव्हा भारत आणि मादागास्कर अद्याप जोडलेले होते किंवा जेमतेम विलग होऊ लागले होते. दुसरे खरे असेल, तर त्या दोहोंमध्ये नवा समुद्र उघडत असताना ते इथे आले. गोळ्यांच्या चुनखडकाची एकूण जाडी काही मीटरच आहे, आणि कोणता शंख त्यातील कोणत्या पातळीवरून, कोणत्या इतर जीवाश्मांसोबत उचलला गेला याच्या नेमक्या नोंदींतूनच या दोन शक्यतांमधली निवड करता येणार आहे.